मंगलमच्या आधी उठणारा माणूस

आमच्या धंद्यात काम थोडं आणि थांबणं फार. ऊन येईपर्यंत थांबा, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत थांबा, कलाकाराचा मूड लागेपर्यंत थांबा. अशा रिकाम्या वेळात माणसं एकमेकांच्या खोडी सांगत बसतात आणि त्यांचेच पुढे किस्से होतात. आमच्या युनिटमध्ये तर जवळजवळ सगळे किस्से एकाच माणसाचे. तो म्हणजे आमचा दिग्दर्शक माधव. मी त्याची एडिटर, आणि मंजू साउंडवाला. सांगताना आम्ही खूप हसतो.

* * *

माधव आणि मी दोघंही म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधले, इथं पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या मराठी घरांतले. सिनेमात यायच्या आधी तो एका इंग्रजी पेपरात संगीतावर लिहायचा. कर्नाटक संगीताच्या मैफलीचा शेवट 'मंगलम'नं होतो. आपल्याकडे भैरवी असते ना, तसं. मंगलम झालं की पुढं काही वाजवायचं नाही, असा रिवाज.

आणि या संगीत-समीक्षकानं उभ्या नोकरीत एकही मंगलम ऐकलं नव्हतं! पेपरचं पान रात्री नऊला छपाईला सुटायचं. त्यामुळे मुख्य रचना झाली, मृदंगवाल्याचं एकट्याचं वाजवून झालं, की हा पहिल्या रांगेतून उठायचा आणि बाहेर जाऊन स्कूटरला किक मारायचा.

गणपतीच्या मांडवामागचा कॉफीवाला तर घड्याळाकडे बघतच नसे. कनातीच्या फटीतून पहिल्या रांगेवर डोळा ठेवायचा आणि ओरडायचा, "माधव सर उठले! दूध चढवा!"

* * *

वेदम्मा म्हणजे आमच्या गावच्या नावाजलेल्या वीणावादक. त्यांच्या एका मैफलीतून माधव असाच निघाला. त्याची स्कूटर कोपऱ्यावर वळते न वळते तोच वीज गेली. माईक बंद. वेदम्मा थांबल्या नाहीत. लोक खुर्च्या सोडून स्टेजच्या पायाशी येऊन बसले. तशी वीणा पुन्हा ऐकली नाही, असं अजून सांगतात.

दुसऱ्या दिवशी माधवचं परीक्षण आलं: 'वादन उत्तम, परंतु माईकने सगळी नजाकत मारली!'

गावभर हसं झालं. बिचारा माफी मागायला गेला, तर वेदम्मा शांतपणे म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं? तुम्ही होतात तोवर माईक होताच की!"

* * *

मग पेपरनं संगीताचं पानच बंद केलं. माधव घरी बसला, दाढी वाढवली आणि एके दिवशी जाहीर केलं, "आजवर लिहिलं. आता दाखवणार!"

पहिलं शूटिंग गावाबाहेर येलवालला, एका म्हाताऱ्या नागस्वरवाल्याचं, म्हणजे इकडच्या सनईवाल्याचं. म्हातारा रंगात आला, डोळे मिटले, शेवटाकडे निघाला, आणि माधव म्हणाला, "कट!"

मंजू हेडफोन काढून कळवळला, "सर, इन्नू मुगिदिल्ला!" म्हणजे अजून संपलं नाही!

माधव म्हणाला, "पुढं काय येणार ते कळलं रे मला."

एडिटला बसले तर एकाही शॉटला शेवट नाही. मी डोक्याला हात लावला. पहिल्या खेळाला सिनेमा असा काही संपला, की लोकांना वाटलं करंट गेला. सगळे अंधारात गप्प बसून! शेवटी मागून मंजूच ओरडला, "मुगीतु, मुगीतु! संपलं! टाळ्या वाजवा!"

* * *

माधवची आई त्या खेळाला आली होती. घरी परतताना तिनं निकाल दिला, "अय्यो माधवा, पेपरात होतास तेव्हा नाव वर तरी यायचं की रे! आता पार शेवटी, खाली येतंय. तंवर लोक चपला शोधायला लागतात, नोड, बघ तूच!"

आम्ही हसलो. माधव हसला नाही. त्याला पेपर सुटल्याचं दुःख नव्हतं, इतकी वर्षं अर्धं ऐकून पूर्ण लिहिलं याचं होतं. एकदा मला म्हणाला, "शेवट कसा करतात, तेच शिकायचं राहिलं गं." मला त्याची फार कीव आली. पण तोंडानं म्हटलं, "मग एडिटरचं ऐकत जा."

* * *

आणि त्यानं वेदम्मांवर सिनेमा काढायचं ठरवलं. त्यांची एक मैफल, पहिल्या सुरापासून मंगलमपर्यंत, न तोडता. असं रेकॉर्डिंग कुणाकडेच नव्हतं. वेदम्मांनी ऐंशी ओलांडली होती आणि संधिवातानं बोटं आखडत चालली होती, म्हणून घाई.

आम्ही रोज जयलक्ष्मीपुरमला त्यांच्या घरी जायचो. उप्पीट व्हायचं, कॉफी व्हायची, गप्पा व्हायच्या. वीणेचा विषय काढला की वेदम्मा म्हणायच्या, "नाळे." उद्या! मंजू मला म्हणायचा, "मॅडम, या सिनेमाचं नावच 'नाळे' ठेवा."

त्याच दिवसांत त्यानं माधवला एक दमही भरला, "सर, या वेळी 'कट' तुम्ही म्हणायचं नाही. मी म्हणणार!" माधवनं मुकाट्यानं मान डोलावली.

तो सिनेमा झालाच नाही. दसऱ्याच्या आधी वेदम्मा गेल्या. त्यांची बोटं चालत होती तेव्हाच आपण त्यांच्याकडे जायला हवं होतं, असं माधव अजून म्हणतो. मीही म्हणते. म्हणून काय होणार?

* * *

पण त्या जायच्या आधी, एका सकाळी त्या 'नाळे' म्हणाल्या नाहीत. जरीची साडी नेसून तयारच बसल्या होत्या. त्यांची शिष्या गौरी तंबोरा घेऊन मागे बसली. कॅमेरा सुरू झाला. माधव समोरच्या सतरंजीवर मांडी घालून बसला, अगदी पहिल्या रांगेत बसल्यासारखा.

वेदम्मांनी तारा जुळवल्या, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि वाजवायला सुरुवात केली. मंगलम!

गौरी तंबोऱ्यामागून पुढं झुकली. ती कुजबुजली, "अम्मा, हे शेवटी…"

वेदम्मा थांबल्या नाहीत. बोटं मधे अडखळत होती, एक सूर तर उमटलाच नाही. तरी शेवटपर्यंत वाजवलं, हात जोडले आणि वीणेवर कापड पांघरलं.

माधव कसाबसा म्हणाला, "अम्मा, मैफल?"

"मैफली तुम्ही ऐकल्यात की सगळ्या," वेदम्मा म्हणाल्या. "राहिलं होतं ते एवढंच."

कॅमेरा चालूच होता. समोर नुसती कापडाखालची वीणा. मंजूनं माधवकडे पाहिलं, माधव वीणेकडे बघत होता. 'कट' कुणीच म्हणालं नाही.