फेरपरीक्षेचा उन्हाळा

आमच्या शाळेत कोणाची पोरं शिकतात हे बघायचं असेल, तर कार्यालयात जाऊन रकाने बघत बसू नये. सणासुदीला वर्गात डोकवावं. गणपतीत कोकणातली मुलं नसतात. दसऱ्याच्या आसपास तेलुगू मुली बांगड्या भरून, केसांत फुलं माळून उशिरा येतात. नाताळ झाला की गावठाणातली दोन भावंडं डब्यात कुलकुल घेऊन येतात आणि सगळा वर्ग त्यांच्यावर तुटून पडतो. होळी झाली की उत्तरेकडची मुलं एकेक करून मुलुखाला निघतात, ती थेट जुलैत उगवतात.

भांडुपच्या डोंगरउतारावरच्या पालिकेच्या मराठी शाळेत मी पाचवीला शिकवते. एके काळी इथं सगळी गिरणी कामगारांची मुलं होती. त्यांची नातवंडं आता टाय लावून इंग्रजी शाळेच्या बसची वाट बघतात. आणि त्यांचेच आईबाप मला विचारतात, "काय बाई, निकाल कसा तुमच्या शाळेचा?" राग माझ्या नाकावरच असतो. मी सांगते, तुमचं पोरगं पाठवा, लगेच वाढेल.

पूर्वी निकालाची एवढी धास्ती नव्हती. सगळेच वरच्या वर्गात जात. आता पाचवीत नापास झालं की जूनमध्ये फेरपरीक्षा, त्यातही राहिलं तर पुन्हा पाचवी. नियम करणाऱ्याला जून म्हणजे शाळा सुरू व्हायचा महिना वाटला असणार. आमच्या निम्म्या वर्गासाठी जून म्हणजे गाव.

त्या वर्षी एकच मुलगी राहिली, गणितात. तिचे वडील साकीनाक्याला एका गाळ्यात लेथ मशीनवर काम करतात, मूळचे जौनपूरकडचे. हिंदी शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे, म्हणून पोरगी आमच्याकडे. आकडे तिच्या बोटांवर नाचायचे. गुणाकार भागाकार दिला की सगळ्यांच्या आधी पाटी वर. पण 'उरले किती', 'शिल्लक किती' असं काही आलं की ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची. तिची वाट लावली ती शाब्दिक उदाहरणांनी.

निकाल सांगायला मी तिच्या घरी गेले. बॅगा भरून तयार होत्या. आत्याचं लग्न होतं, तिकिटं काढलेली होती आणि परतीची तारीख जुलैतली.

"मॅडम, फेल हो गई तो हो गई," वडील शांतपणे म्हणाले. "दादी के पास छोड़ देंगे. घर का काम सीख लेगी."

मी भडकले. दहा वर्षांची पोर, डोकं असलेली, केवळ तारीख चुकते म्हणून चुलीपुढे बसवणार? माझा आवाज गल्लीभर गेला असावा. तिची आई पदर तोंडाला लावून उभी होती आणि पोरगी बॅगेवर बसून पायाच्या अंगठ्याने लादी घासत होती.

समोरच्या दारात एक मालवणी आजी तांदूळ निवडत बसली होती. नवरा गिरणीत होता, तो गेला. मुलगा सूनबाईंना आणि नातवाला घेऊन विरारला राहायला गेला. ती एकटीच होती.

"त्येका सांग, चेडू माझ्याकडे रवांदे," पोरीकडे हात करून, मान वर न करता ती मला म्हणाली. "मी यंदा गावाक जावचंय नाय."

दर मे महिन्यात ती गावाला जाते हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तिचंही एसटीचं तिकीट काढलेलं होतं हे मला फार उशिरा कळलं.

वडिलांनी आईकडे बघितलं, आईने मान हलवली. पोरीला कोणी विचारलं नाही. मीही नाही. दोन दिवस ती जेवली नाही म्हणे. लग्न तिनं आजीच्या मांडीला मांडी लावून फोनवर बघितलं.

मी मुलुंडहून एक दिवसाआड जायचे. उदाहरणं घालायचे, ती सोडवायची, कधी चुकायची. पण मी नसताना जे चाललं होतं ते मला एकदा दारातच ऐकू आलं.

"ईस बांगडे हाडलंय," आजी सांगत होती. "चार मांजरान खाल्ल्यान. तीन शेजारणीक दिलंय. मगे माका काय उरला?"

"तेरा. पण आजी, तुमी शेजारणीला कशाला दिले?"

"त्येचो हिशेब तुका कोणी इचारल्यान नाय."

मी बाहेर उभी राहून हसले. सहा आठवडे दिवसभर असं कानावर पडल्यावर 'उरले' कशाला अडतंय?

जूनमध्ये ती पास झाली. चांगली पास झाली. मुख्याध्यापकांना पाचवीचा निकाल शंभर टक्के लागल्याचा आनंद. मला झालेला आनंद टक्क्यांत सांगता येणार नाही. मी रिकाम्या वर्गात जाऊन पाच मिनिटं नुसती बसले.

जुलैत तिचे आईवडील परतले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. वडिलांनी पेढे आणले, माझ्यापुढे हात जोडले आणि धाकटीलाही इथंच घालतो म्हणाले. पोरगी आजीकडची आपली पिशवी उचलून समोर स्वतःच्या घरी गेली. मध्ये जेमतेम चार हातांची गल्ली.

निघताना मी आजीकडे डोकावले. पेढा तिच्या हातातच होता.

"बाई, सहावीक फेरपरीक्षा असता काय ओ?"

"नाही. आता एकदम आठवीला."

"म्हंजे तीन वर्सां," ती म्हणाली. समोरून पोरीचं आईशी भरभर हिंदीत बोलणं ऐकू येत होतं. आजीने तिकडे मान वळवली. "तेवा नापास होयत मां ती?"

"होईल," मी म्हटलं.