नखाने उघडणारा फोन

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात इतके किस्से का साचतात, याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा सापडलं. तिथे आलेला माणूस आपला फोन काउंटरपलीकडे देतो आणि स्टुलावर बसतो. पुढची वीस मिनिटं त्याच्या हातात फोन नसतो. मान खाली घालायला काही उरतच नाही! मग तो समोर बघतो, शेजारच्याला "कुठले तुम्ही?" म्हणून विचारतो आणि बोलायला लागतो. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवातसुद्धा माणसं आता गप्प बसतात. इथे मात्र बोलतात.

हे दुकान सोलापुरात, नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत आहे. दोन स्टुलं टाकली की तिसऱ्याने उभं राहायचं, एवढंच. मालक आणि कारागीर एकच, श्रीनिवास. सगळी गल्ली त्याला सीनू म्हणते. घरी तेलुगू, दुकानात मराठी. वडील चादरीच्या मागावर होते. तुटलेला धागा बोटांनी हुडकून सांधायची सवय घरातूनच आलेली. डोळ्याला भिंग लावून तो केसाएवढी तार जोडायला लागला की श्वास रोखतो, आणि बघणारेही नकळत रोखतात.

शेजारी नागेशचं नव्या फोनचं दुकान. काचेचं, एसीचं. नागेश मूळचा अक्कलकोटकडचा, सीनूचा शाळेपासूनचा दोस्त. गिऱ्हाईक नसलं की एसी सोडून सीनूच्या पंख्याखाली येऊन बसतो. तिसरा मी. हायस्कुलात भूगोल शिकवतो. शाळा सुटली की घरी जाण्याआधी तासभर इथे असतो.

* * *

मी पहिल्यांदा गेलो तो माझ्या पत्नीचा फोन घेऊन. ती जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. फोन जुना, मागचं झाकण निघणारा. आतली बॅटरी पुरीसारखी फुगलेली.

"काय पाहिजे यातलं, सर?" सीनूने विचारलं. "फोटो? नंबर? काढून देतो की."

"काही काढायचं नाही. चालू राहायला पाहिजे."

"सिम तर बंद दिसतंय."

"हो."

"मग चालू कशाला, सर?"

मी सांगितलं. तिने त्यात सात अलार्म लावून ठेवलेत. प्रत्येकाला तिने तिच्या शब्दांत नाव दिलंय. सिम नसलं तरी अलार्म वाजतात, आणि माझा दिवस त्यावर चालतो.

सीनूने फोन उलटा केला. नखाने झाकण उघडलं, फुगलेली बॅटरी अलगद काढून, पेटू नये म्हणून वाळूच्या डब्यात ठेवली. "या मॉडेलची बॅटरी आता कंपनी बनवत नाही," म्हणाला. "जुन्या स्टॉकातली हुडकावी लागंल. मिळंल, पण किती दिवस टिकंल सांगत नाही."

पावतीवर 'काय दुरुस्त करायचे' असा एक रकाना असतो. तिथे लोकांच्या पावत्यांवर डिस्प्ले, स्पीकर, चार्जिंग असं लिहिलेलं असतं. माझ्या पावतीवर त्याने लिहिलं, 'चालू ठेवणे.'

* * *

एके दिवशी नागेश हातात नवा डबा घेऊन धावत आला. "सीनू, बघ बे! नवीन फीचर! मागचं झाकण निघतंय आणि बॅटरी बदलता येतीय!"

सीनूने टेबलाखालून बुटाचं एक खोकं काढलं आणि काउंटरवर पालथं केलं. पंचवीस-तीस जुनी झाकणं! काळी, पांढरी, एक चक्क गुलाबी.

"हे काय?"

"तुझं नवीन फीचर," सीनू म्हणाला.

नागेश हटणारा नव्हे. "ते राहू दे. पण हे पुढं जाणं झालं का मागं? दहा वर्षं आपण लोकांना सांगितलं, बंद बॉडी भारी, स्लिम. आता परत उघडी भारी सांगायचं? लोक हसतील की!"

तेवढ्यात त्याच्या दुकानातलं गिऱ्हाईकच मागोमाग आलं. त्याला झाकण उघडून बघायचं होतं. नागेशने खटपट केली, घाम आला, झाकण हलेना. सीनूने फोन घेतला, कोपऱ्यात अंगठ्याचं नख घातलं. टक्! झाकण हातात.

गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं. "अहो! उघडला तुम्ही! आता वॉरंटी गेली का ह्याची?"

* * *

त्यावर नागेशने सीनूला खरा पेच टाकला. "तू लई खूश झालायस, पण बॅटरी लोक घरीच बदलायला लागले तर तुझ्याकडं कोण येणार?"

मलाही तो प्रश्न पडला होता. सीनूचं निम्मं काम बॅटऱ्यांचंच.

सीनू शांतपणे म्हणाला, "येतील की. उघडतील घरी. बंद करायला हितंच येतील."

* * *

सांगोल्याकडचे म्हाळाप्पा वर्षातून दोन-तीनदा येतात. मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने रानोमाळ असतात. त्यांचा फोनही झाकणाचा. कमरेच्या चंचीत पानसुपारीशेजारी चार बॅटऱ्या. बाजाराच्या दिवशी गावात कुठेतरी चारही चार्ज करून घ्यायच्या आणि परत रानात जायचं. भरलेली कुठली आणि रिकामी कुठली हे कळावं म्हणून भरलेलीवर गेरूचं बोट ओढलेलं. मेंढरांवर ओढतात तसंच! वापरून झाली की बोटाने पुसायचं.

नागेशने त्यांना बंद बॉडीचा फोन दाखवला. "मामा, फास्ट चार्जिंग हाय. अर्ध्या तासात फुल!"

म्हाळाप्पांनी फोन उलटापालटा करून बघितला, परत दिला. "अर्धा तास कुटं थांबू रं? मेंढरं थांबत्यात व्हय?"

नागेश म्हणाला, "मग पॉवर बँक घ्या. खिशात राहती."

त्यांनी पॉवर बँक तळहातावर तोलली. "आन् ही उतरली म्हंजे?"

"मग ही चार्ज करायची."

"म्हंजे फोनाला पाजाय ही, आन् हिला पाजाय परत गावच की!" म्हाळाप्पा उठले. "माजी चारी कोकरंच बरी हाईत."

नागेशने त्या दिवसापासून फास्ट चार्जिंगचं कौतुक सीनूच्या दुकानात करणं सोडलं.

* * *

कुंभारीहून यल्लव्वा येते. विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत राहते, विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. हात चालू असतात, डोळे हातावर असतात, रिकामे असतात ते कान. म्हणून दिवसभर रेडिओ. पूर्वीच्या फोनला वायर लावली की एफएम वाजायचा. मुलाने मोठ्या हौसेने नवा फोन आणि बिनवायरीचे कानातले घेऊन दिले. वायरीचं भोकच नाही फोनला!

आठवड्याभरात एक कानातलं हरवलं. घरभर शोधलं, नाही सापडलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात विड्या द्यायला गेली. तिथला चेकर विड्यांचा एकेक बांधलेला कट्टा हातात घेऊन तपासतो. एका कट्ट्यावर तो थबकला. मधून काहीतरी पांढरं डोकावत होतं. कान खाजवायला हात नेला असेल, कानातलं सुपात पडलं असेल, आणि बोटांनी आपल्या सवयीने तेही पानात गुंडाळून टाकलेलं!

चेकर म्हणाला, "अक्का, फिल्टरची विडी कधीपासून चालू केली?"

यल्लव्वा हे सगळं हसत सांगत होती, पण मागणी पक्की होती. "सीनूअण्णा, भोकाचा फोन दे मला. वायर असली की कसं, कानातून पडलं तरी गळ्यात ऱ्हातंय."

नागेशकडे योगायोगाने तसं एक नवं मॉडेल आलं होतं. वायरीचं भोक, एफएमसकट. नागेशने ते आणून दिलं आणि जाता जाता पुटपुटला, "काय की! पुढं जाऊन जाऊन परत भोकापाशीच आलो."

* * *

सगळं जुनं ते चांगलं, असं सीनूही मानत नाही. त्याला कारण कुलकर्णीसाहेब.

साहेब बँकेतून निवृत्त. नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज कुणाशी तरी वाद. डॉक्टरांनी रक्तदाबाची भीती घातली, तेव्हा ते सीनूकडे आले आणि बटणांचा, घडी घालायचा फोन मागितला. तसले फोन आता परत निघालेत. 'क'साठी एक बटण एकदा, 'ख'साठी दोनदा. साहेब पंधरा दिवसांनी पेढे घेऊन आले.

"सीनू, जादू आहे ही! मेव्हण्याला झापायचं म्हणून लिहायला बसलो. तीन ओळी लिहीपर्यंत राग उतरला. पुसून टाकलं!"

सीनू खूश. मी खूश. नागेशनेसुद्धा पेढा खाल्ला.

आणखी महिन्याने कुलकर्णीकाकू आल्या. साहेबांचा जुना स्मार्टफोन पिशवीत होता.

"हा चालू करून द्या आणि तो घडीचा परत घ्या."

"का हो काकू? साहेब तर म्हणत होते, राग शांत झाला."

"मेव्हण्याशी शांत झाला हो," काकू म्हणाल्या. "लिहिता येत नाही म्हणून आता सगळं मला बोलून दाखवतात!"

* * *

पत्नीच्या फोनची दुसरी बॅटरी मिळाली तेव्हाची गोष्ट. बॅटरी काढली की त्या फोनचं घड्याळ मागे जातं. सिम नसल्यामुळे वेळ आपणच लावावी लागते. सीनूने लावली, पण सकाळ-संध्याकाळचा घोळ केला. संध्याकाळी साडेपाचला फोनला वाटलं, पहाटेचे साडेपाच झाले. अलार्म वाजला. सीनूचं डोकं दुसऱ्या फोनमध्ये होतं. त्याने सवयीने पडद्यावरचं मोठ्याने वाचलं, "नळ आला. आधी पिण्याचं भरा."

नागेश ताडकन उठला. आमच्या सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड. त्याच्या घरी तो पाचवा दिवस. शेजारी त्याच्या दुकानात नुकतंच आलेलं एक गिऱ्हाईक डबा उघडून उभं होतं, त्याला तसंच सोडून नागेश स्कूटरवर बसून गेलासुद्धा!

अर्ध्या तासाने घामाघूम होऊन परतला. "नळ ठणठणीत कोरडा! कुणी सांगितलं बे पाणी आलं?"

सीनूने फोन वर धरला. "वहिनींनी."

मला हसू आलं. दुकानात कुणी माझ्या पत्नीला भेटलेलं नव्हतं, पण बोलताना सगळे वहिनीच म्हणायचे. मग मी नागेशला सांगितलं, की पाणी पाचव्या दिवशी येत असलं तरी तिचा अलार्म रोजचा होता. पाणी सोडणाऱ्याचा काय भरवसा, म्हणायची.

दुसऱ्या दिवशी नागेश माझ्याआधीच येऊन बसला होता. "सर, आज पहाटे किती वाजता आलं असंल पाणी?"

"किती?"

"साडेपाचला! टाइमिंग एकदम करेक्ट की ओ वहिनींचं!"

* * *

यंदा उन्हाळ्यात तिसरी बॅटरी गेली. या खेपेला सोलापुरात मिळेना. सीनूने गुलबर्ग्याला विचारलं, हैदराबादला मेहुण्याला गल्ल्या पालथ्या घालायला लावलं. एक आली, ती आकाराने मोठी निघाली. एक आली, ती आधीच फुगलेली. फोन त्याच्या टेबलावर झाकण उघडं ठेवून पडून होता. घर गप्प झालं होतं.

नागेशने एक दिवस सरळ सांगितलं. "सर, रागावू नका. नव्या फोनमधी पाच मिनिटांत बसतील सात अलार्म. मी टाइप करून देतो. तेच शब्द, तीच वेळ. यात मागं काय आणि पुढं काय?"

तो चुकीचं बोलत नव्हता. मी म्हटलं, "बघू."

सीनूने तो उघडा फोन जवळ ओढला, बॅटरीच्या जागी टेबलावरच्या सप्लायच्या दोन तारा जोडल्या. भिंग डोळ्याला लावून कामाला लागला.

त्यानंतर आठवड्याभराने असेल. शाळेतून थेट दुकानात आलो. चहा आला, तो झाला. थोड्या वेळाने नागेशचं एक मोठं गिऱ्हाईक पटलं, त्या आनंदात त्याने परत तीन चहा सांगितले. कप हातात आला, मी तो तोंडाला लावणार, एवढ्यात सीनूचा फोन वाजला. त्याचा स्वतःचा, खिशातला.

त्याने काढून बघितलं. मग उठला, काउंटरवरून वाकला आणि माझ्या हातातला कप काढून घेतला.

"काय बे?" नागेश ओरडला. "सरांचा चहा हाय तो!"

सीनूने फोनचा पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर लिहिलं होतं, 'दुसरा चहा नको. शाळेत झालेला असतो.'

नागेशने वाचलं. माझ्याकडे बघितलं. मी कपाकडे बघत होतो.

"अर्धा तरी," मी म्हटलं.

"मला नका विचारू, सर," सीनू म्हणाला. मग पडद्यावर अंगठा दाबला आणि कप माझ्यासमोर ठेवला.

"दहा मिनिटं स्नूझ केलंय. पटकन प्या."