मागचं दार नसलेली खुर्ची

माझा नवनाथ केजला सुतारकाम करतो. आमच्या बौद्धवाड्यात त्याच्या आधी कुणी रंधा धरला न्हवता. ह्यानं आयटीआय केलं आन् स्टँडामागं दुकान टाकलं. मी त्याची आई मुक्ताबाई, तवा कौतुक करणारच. कुणाला खुपत आसंल तर खुपू द्या.

मागच्या साली गावातल्या सुंदररावांचं खुब्याचं हाड मोडलं. खाली बसता येईना. प्लास्टिकची कमोडची खुर्ची आणली, ती डुगडुगली आन् म्हातारा पडता पडता वाचला. मग त्यांच्या पोरानं, अंगदरावानं, घरातली जुनी सागवानी खुर्ची दुकानात आणली. बसायच्या फळीला भोक, खाली पेटी, पेटीत भांडं.

"कुजलीय सगळी. हुबेहूब अशीच नवी करून दे," म्हणले. "बोळातली खिडकी हाय तशीच हाय. तुमच्या वस्तीतली एखादी बाई लावू भांडं काढायला." नव्या बंगल्याची दारं-खिडक्या बी तुलाच देतो म्हणले.

ते गेले आन् मी डबा घेऊन पोचले. खुर्ची बघितली आन् माझा हात आपसूक तिच्या पाठीमागं गेला. तिथल्या बारक्या दाराची कडी मी न बघता काढली. नवनाथ बघतच राह्यला.

"आई, तुला कसं म्हाईत?"

सांगितलं मग. बहात्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी. सुंदररावांची आई अंथरुणाला खिळलेली. खुर्ची भिंतीला टेकवलेली, भिंतीत खिडकी. मी बाहेर बोळात हुबं राहून, हात घालून भांडं काढायचे, धुऊन परत सरकवायचे. घरात पाय ठिवायचा न्हाई. वर्षभर केलं. त्या बाईचं तोंड कधी बघितलं न्हाई, खोकला तेवढा वळखायचे.

नवनाथ उठून च्या प्यायला गेला.

आठ दिवसांनी अंगदराव खुर्ची न्यायला आले. मी तिथंच बसलेते. त्यांनी खुर्ची फिरवून बघितली.

"मागचं दार कुठंय रे?"

"न्हाई ठिवलं. कप्पा बाजूनं निघतो, खोलीतनं."

"मंग बाई काय घरात घेऊ का?"

"बाई कशाला, अंगदराव? बाप तुमचा हाय. न्हाई पटत तर राहू द्या, बंगल्याचं काम बी दुसऱ्याला द्या. मागं दार मी बसवणार न्हाई."

बंगल्याचं काम गेलं, हे मी धरूनच चालले. भ्या बी वाटलं आन् छाती बी फुगली, दोन्ही एकदमच. अंगदराव लालबुंद झाले. पण घरी म्हातारा ताटकळलेला. खुर्ची टेम्पोत टाकली आन् गेले.

चार दिवसांनी आमी जेवायला बसलो आन् त्यांचा फोन आला. नवनाथचा हात खरकटा, त्यानं स्पीकर लावला.

"नवनाथ, कप्पा लई घट्ट बसतोय. ओढताना हिसका बसतो."

"कडंला मेणबत्ती घासा, सैल होईल. कोण काढतंय?"

"मीच काढतो की. आन् कोण काढणार?" अंगदराव वैतागूनच बोलले.

मी नवनाथच्या ताटात आजून एक भाकर वाढली. पन्नास वर्षांनी त्या भांड्याला त्याच घरातला हात लागला, आन् तो माझ्या पोरानं लावायला लावला.