युनियनची पेटी

खाडीकाठच्या कोळंबीच्या कारखान्यात एक मावशी माझ्या शेजारच्या टेबलावर कोळंबी सोलतात. म्हसळ्याहून एसटीने येतात. आमच्या युनियनच्या खजिनदारही त्याच. वर्गणी मागताना आधी घरच्यांची चौकशी करतात आणि "हे बघ बाय" म्हणत खांद्यावर हात ठेवतात. तो बर्फासारखा गार हात झटकावासा मात्र वाटत नाही.

काही वर्षांपूर्वीच्या संपात युनियनचा सगळा पैसा संपला. आम्ही हरून कामावर परतलो आणि अनेकींनी वर्गणी बंद केली. मग ज्याच्याविरुद्ध संप केला, त्या ठेकेदारानेच युनियनला देणगी देऊ केली. सभेत सगळ्यांना हायसं वाटलं. त्या एकट्याच उठल्या.

"त्याचं पैसं घेतलं, तर उद्या त्याच्याशी भांडायचं कुणी? आपली पेटी आपणच भरू."

मला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

पेटी भरायला वर्षं गेली. परवा ठेकेदाराने सगळ्यांचा पगार कापला. मी घाबरत विचारलं, "आता संप झेपेल का आपल्याला?"

"महिनाभर कुणाची चूल विझायची न्हाय," त्या म्हणाल्या आणि हातमोजे काढून सगळ्यांच्या आधी दरवाजाकडे निघाल्या.