शेवटच्या पानांची क्लिप

पुस्तकांच्या दुकानाच्या काचेवर नवी जाहिरात लागली आहे. कुमारांसाठीच्या नव्या कादंबऱ्या दिवाळीत येताहेत. आज शाळेच्या गणवेशातली एक मुलगी त्या काचेला नाक टेकवून उभी होती. "आई, तिसरा भाग येतोय!" ती ओरडली, आणि तिच्या श्वासानं धुरकटलेल्या काचेमागे कादंबरीचं नाव पुसट झालं.

त्याच तिसऱ्या भागाची माझी मुक्ताही वाट बघत होती. आधीचे दोन्ही भाग आम्ही बापलेकीनं मिळून वाचले होते. मला आधी शेवट वाचायची खोड, म्हणून पुस्तक घरी आलं की ती शेवटच्या पानांना आपली केसांची क्लिप लावून टाकायची. "बाबा, मी तिथे पोचेपर्यंत काढायची नाही हं!"

यंदाच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. एक दिवाळी आधी आणलं असतं हे पुस्तक, तर काय बिघडलं असतं या प्रकाशकांचं?

माणूस जातं, पण त्याचं वाट बघणं घरात मागे राहतं. मग ते कुणीतरी पुढे चालवावं लागतं.

मी आत जाऊन एक प्रत सांगून ठेवली. दुकानदार ओळखीचे, त्यांनी कुणासाठी म्हणून विचारलं नाही.

पुस्तक आलं की मी पहिल्या पानापासून वाचीन. शेवटच्या पानांना मात्र तिची क्लिप लावून ठेवीन. ती तिथे पोचेपर्यंत काढायची नाही, असं ठरलंय आमचं.