डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात पाण्याचा पेला होता. बातमी ऐकली आणि आधी पेला संपवला. कुणाला हे निर्दयपणाचं वाटेल, पण पाणी अर्धवट टाकून धावत आलेला भाचा शेवंताआत्याला चालला नसता... महिना झाला त्याला. आता तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे माझ्या पोटाची अब्रू चव्हाट्यावर मांडणं आलं. त्याशिवाय आत्या सांगताच येत नाही.

तीसेक वर्षं झाली. दौलताबादजवळच्या आमच्या गावी चुलतबहिणीचं लग्न होतं. मी सत्तावीस वर्षांचा, नव्या नोकरीचा रुबाब अंगावर, आणि पंगतीत जिलब्यांची पैज लावून बसलेलो. पैज जिंकलो. दुसऱ्या सकाळी जे सुरू झालं ते दुपारपर्यंत तांदळाच्या धुवणासारखं नुसतं पाणी. कळ नाही, रक्त नाही. पाय वळायला लागले, आवाज खोल गेला. थोरले चुलते बाबुकाका म्हणजे घरातले स्वयंघोषित वैद्य. त्यांनी हुकूम सोडला, "पाणी तोडा याचं. वरून टाकलं की खालून जाणारच."

आत्या तेव्हा शहरात सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. लग्नाच्याच साडीत ती माझ्या खाटेशी येऊन बसली. "दादा, सकाळपासून याच्या पोटात काय गेलंय?"

"काहीच नाय."

"मग हे जातंय कुठलं? जिलबी कवाच संपली. हे याच्या अंगातलं पाणी हाय." मग मला ऐकवत, पण काकांकडे बघत ती सांगत गेली. आतड्याच्या आतल्या अस्तराला बारीक तोट्या असतात. त्यातून मीठ झिरपतं आणि मिठामागं पाणी. रोजच झिरपतं, पुढं परत शोषलंही जातं. विहिरीच्या पाण्यातून जंतू पोटात गेला, त्यानं विष सोडलं, आणि तोट्या उघड्याच राहिल्या. "आतडं फाटलं नाय, म्हणून रक्त नाय. उपाशी ठेवा नायतर जेवू घाला, तोटी काय बंद व्हायची नाय."

"मग पाजून काय उपयोग?"

"दुसरं दार अजून शाबूत हाय ना! साखर आन् मीठ जोडीनं गेलं की ते उघडतं, आन् पाण्यालाही आत घेतं."

"या घरात आता बायकांचा हुकूम चालायचा का?"

"आज व्हय."

बस्स, एवढंच. काका उठून ओसरीवर गेले. आत्यानं एका तांब्यात लिटरभर पाण्याची खूण खिळ्यानं ओरखडून घेतली. उकळून गार केलेलं पाणी तिथवर ओतलं. बोटानं सपाट केलेले सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आधी स्वतः चाखलं. "डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट. त्याच्या वर गेलं तर फेकून द्यायचं." कुणाची तरी जीप मिळाली. शहरापर्यंतच्या सगळ्या खड्ड्यांतून ती मला चमच्या-चमच्यानं पाजत होती. मी तिच्या साडीवर ओकलो. ती दहा मिनिटं थांबली, पदर पुसला, परत चमचा पुढं. "ओक रे, ओक. तू दमशील, मी नाय." दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, कोरडा आला असता तर अवघड होतं. मी हे लिहायला उरलो, याचा दोष वाचकांनी आत्याला द्यावा.

तिच्या तेराव्याला सगळे गावी जमले. संध्याकाळी बाबुकाकांनाच जुलाब सुरू झाले. ऐंशी उलटलेला माणूस, तीन फेऱ्यांत पांढरा पडला. गाडी सांगितली. तेवढ्यात काका पुटपुटले, "पाणी... तोडा माझं."

मी फळीवरचा तांब्या काढला. खूण बोटाला लागली.

"मेल्यावरबी तिचंच चालवायचं का रे?"

"व्हय, काका."

साखर घातली, मीठ घातलं. पहिला चमचा नियमाप्रमाणे मी चाखला. ताडून बघायचं माप त्या दिवशी गालावरच होतं... बरोबर जमलं होतं.

चमचा पुढं केला. काकांनी माझ्याकडे रागानं बघितलं आणि तोंड उघडलं.