अंगठ्याचा जप

मी देवाच्या दारात खोटं वागलो, तेही चार वर्षं. आजही आठवलं की बसल्या जागी जीव कासावीस होतो.

मी भैरवनाथाचा पुजारी. आधी वास गेला. देवापुढे कापूर लावला तरी नाकाला पत्ता नसे. मग अक्षर मुंगीएवढं झालं, आणि एके दिवशी उजवा अंगठा बोटावर आपोआप फिरायला लागला, माळ ओढावी तसा. पिरंगुटच्या डॉक्टरांनी कंपवात असावा म्हणून पुण्याला दाखवायची चिठ्ठी दिली. मी ती ट्रंकेच्या तळाशी टाकली. भरे गावातल्या लोकांना मात्र वाटलं, मी सदा जपच करतोय. पुढे चेहरा ताठरला, हसू उमटेना, तर म्हणाले, बाबा विरक्त झाले. मला ते गोड लागलं. बायकोलाही मी जपच सांगितला. एकटा असलो की तो अंगठा दुसऱ्या हाताने दाबून धरायचो. सोडला की पुन्हा सुरू.

एका रविवारी सकाळी आरतीचं ताट घेऊन गाभाऱ्यात निघालो आणि उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटले. पुढे जाईनात, मागे येईनात. आता पेटत्या निरांजनावरच पडणार असं वाटलं, आणि ओरडायला आवाज फुटेना. मागे बायको लोकांना दटावत होती, "त्यांची तंद्री लागलीया, कुनी हात लावू नका." सगळे हात जोडून उभे! केलं होतं मीच, सांगणार कुणाला? देवा, सोडव, एवढंच मनात म्हणालो.

तेवढ्यात वरच्या वाडीवरून तूप विकायला आलेली एक धनगरीण पुढे झाली. तिला माझी कीर्ती ठाऊक नव्हती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं.

"बाबा, पाय निगंना व्हय?"

"न्हाई निगत," मी कसाबसा म्हणालो. चार वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो.

तिने हातातली काठी माझ्या पावलांपुढे आडवी ठेवली. "हिच्यावरनं टाका पाय. आमचं म्हातारं बी असंच आडायचं."

पाय उचलला गेला. आरती झाल्यावर मी सगळ्यांसमोर रडत आजार सांगितला. ती बाई तोवर निघून गेली होती. पुन्हा कधी दिसली नाही. काठी मात्र विसरून गेली.

गोळ्या सुरू झाल्या, काही वर्षं बरी गेली. मग एका गोळीचा असर दुसरीपर्यंत पुरेना. पडणं वाढलं, आता घोटभर पाण्यानेही ठसका लागतो, आवाज बायकोच्या कानापुरता उरलाय. मन अजून तळमळतं, चिडतं. पण त्या माउलीची आठवण आली की वाटतं, मी खरं बोलायचीच वाट देव बघत होता.

काल बायकोने ती काठी पुढे ठेवली. पाय हलला नाही. मी चिडलो. बायको काठी उचलून शेजारी बसली. अंगठा फिरत होता.

"आता तरी खरं सांगा," ती म्हणाली, "ह्यो आजार हाय का जप?"

हल्ली अंगठ्याच्या प्रत्येक फेऱ्याला मी भैरवनाथाचं नाव घेतो. ती कान जवळ आणेपर्यंत थांबलो.

"दोनी."

तिने माझा हात धरला, पण अंगठा मोकळा ठेवला.